पाण्याचा दाखला

दातवाल्या डॉक्टरांनी चहात बिस्कीट बुडवलं, ते अलगद तोंडात टाकलं, रुमालानं ओठांचे कोपरे टिपले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आमचं कुणाशी वैर नाही हो. फक्त त्यांची मुलं पोहण्याच्या तलावातून बाहेर आली, की पाणी बदलत जा. एवढंच."

एवढंच! जणू खिडकीचा पडदा जरा ओढून घ्या, ऊन येतंय, असं सांगावं तसं. महापौरांच्या दालनात चारपाच डोकी बसली होती आणि त्यातलं एकही डोकं 'काय बोलताय काय तुम्ही' म्हणून वर झालं नाही. महापौरांनी तर बिस्किटांची बशी डॉक्टरांपुढं आणखी थोडी सरकवली.

'त्यांची' म्हणजे गोदीकडच्या वस्तीतल्यांची. या लोकांच्या आज्या-पणज्यांना शहरानंच कधीकाळी जहाजांवरचा माल उतरवायला बोलावून आणलं होतं. माल उतरवून झाला, शहर गबर झालं, आणि मग काही लोकांच्या लक्षात आलं की यांचा रंग काळा आहे आणि केस कुरळे. बाकी बोलणं-चालणं, भांडणं, उधारी-उसनवारी सगळं शहरातल्या कुणाहीसारखंच. पण डॉक्टरांच्या 'निर्मळ मंडळा'ला ते खपत नव्हतं. मंडळानं त्यांच्यासाठी एक शब्द काढला होता आणि तो भिंतींवर, बसथांब्यांवर, शाळेच्या फाटकावर रंगवला जाई. तो शब्द इथं लिहायचा नाही. लिहिला तर पुढचं सगळं पान धुवावं लागेल.

आणि नुसता शब्दच नव्हता. मागच्याच महिन्यात गोदीच्या थांब्यावर बसची वाट बघत उभ्या असलेल्या बायकांवर कुणीतरी गटारातली घाण भरलेली बादली ओतून पळालं होतं. पळणारे सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्या प्रकाराचा निषेध केला, याच मऊ आवाजात, आणि निषेधाची सभा महापालिकेच्याच सभागृहात सवलतीच्या भाड्यानं घेतली. सभेचा विषय होता 'शहराची स्वच्छता'.

दालनात नर्सबाई होत्या. सगळी नोकरी महापालिकेच्या दवाखान्यात गेली, मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या, मग लोकांनी आग्रह करून निवडणुकीला उभं केलं आणि निवडूनही आणलं. आता आरोग्य समितीच्या सभापती होत्या, दारावर तशी पाटी होती, पण शिपायापासून महापौरांपर्यंत सगळे त्यांना नर्सबाईच म्हणत. त्यांची सून गोदीकडची. मुलानं लग्न केलं तेव्हा नर्सबाईंनी कुणाला विचारलं नाही आणि कुणाचं ऐकलंही नाही. सून महापालिकेची बस चालवायची आणि तिची मुलगी, म्हणजे नर्सबाईंची नात, गोदीच्या शाळेत दुसरीत होती. अंगात भिंगरी बसवल्यासारखी दिवसभर गरगरत असायची, म्हणून घरात तिला भिंगरीच म्हणत. शाळेच्या पोहण्याच्या तासाला ती त्याच तलावात उतरायची.

हे डॉक्टरांना माहीत होतं. शहरात कुणाच्या तोंडात काय आहे ते सगळं त्यांना माहीत असायचं.

"नर्सबाईंना तर मी घरचंच मानतो," ते हसून म्हणाले. "त्यांची मागची दाढ मीच भरलीय. त्या आरोग्य खात्यातल्या, त्यांना माझं म्हणणं पटेल. हा जातपात-रंगाचा प्रश्नच नाही. हा आरोग्याचा प्रश्न आहे."

नर्सबाईंची जीभ आपसूक त्या दाढेकडे गेली. तिथं या माणसाची बोटं फिरली होती. उभ्या हयातीत त्यांनी काय काय साफ केलं नव्हतं! पू, ओकाऱ्या, कुजलेल्या जखमा, महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ. किळस म्हणून कधी नाक मुरडलं नाही. आणि या परीटघडीच्या शर्टातल्या, लवंगेच्या वासाच्या माणसासमोर मात्र त्यांना दालनाबाहेर पळत जाऊन चूळ भरावीशी वाटली.

चूळ भरली असती तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्या बोलल्या. दवाखान्यात कुणा रुग्णाचा नातेवाईक कुरकुरायला लागला, की 'चादर नीट धुतलेली नाही, सुई उकळलेली नाही, पाण्याला वास येतोय', की नर्सबाईंचं एकच ठरलेलं उत्तर असायचं: पाठवा लॅबला. लॅबचा कागद आला की भल्याभल्यांची तोंडं बंद व्हायची. तीच सवय नेमकी नको तिथं जिभेवर आली.

"लॅबला पाठवा पाणी!" त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या. "मुलं बाहेर आली, की लगेच नमुना घ्या आणि पाठवा. काय निघायचं ते निघू दे. मग मी तो कागद यांच्या तोंडावर मारते."

दालनात एकदम मोकळं मोकळं झालं. महापौर आधी लाकूडसामानाचे व्यापारी. ग्राहकालाही दुखवायचं नाही आणि सुताराचाही चेहरा पडू द्यायचा नाही, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. ते खुर्चीतल्या खुर्चीत उडालेच. "वा, नर्सबाई! याला म्हणतात तोडगा. शास्त्रीय काम. दाखला हातात आला, की मंडळाविरुद्ध असा कडक ठराव करू, की बस. सभागृह बंद, मैदान बंद, भिंतींवरची ती घाण साफ. पण आधी दाखला."

डॉक्टरांनीही मान डोलावली. त्यांनी दुसरं बिस्कीट उचललं. ते इतके खुश का दिसतायत, हा प्रश्न नर्सबाईंना तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही. त्यांना आपला टेबलावर आपटलेला हात तेवढा आठवत होता आणि त्याचा त्यांना अभिमान वाटत होता.

गोदीच्या शाळेचा तास होता त्या दुपारी नर्सबाई तलावावर गेल्या. भिंगरीचं पोहणं बघायला त्या नेहमीच जायच्या. समितीचं काम लांबल्यामुळे पोचायला उशीर झाला आणि तिकीटखिडकीशी येऊन बघतात तर आत वेगळंच काही चाललेलं. त्या तिथंच थबकल्या.

मुलं पाण्याबाहेर आली होती. पण त्यांना कपडे बदलायला सोडलं नव्हतं. पाणीखात्याचा नमुने घेणारा माणूस तोंडाला फडकं बांधून, हातात कोपरापर्यंतचे रबरी मोजे चढवून तलावाच्या काठाशी उकिडवा बसला होता. पाणी स्थिर व्हायला हवं, कुणी हलायचं नाही, असं त्यानं सांगितलं होतं, म्हणून सगळी पोरं भिंतीशी ओळीनं उभी. अंगावरून पाणी निथळतंय, ओठ थरथरतायत, हात काखेत दाबलेले. शिक्षिका कधी मुलांकडे, कधी त्या माणसाकडे नुसती बघत होती. कुंपणाच्या जाळीबाहेर मंडळाची चार माणसं उभी होती. तपासणी नीट होते की नाही ते बघायला आली होती म्हणे. त्यातला एक शेंगदाणे खात होता आणि टरफलं जाळीतून आत टाकत होता.

माणसानं बाटली बुडवली, भरली, झाकण लावलं. मग खिशातून पेन काढून बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं. तो बाटली घेऊन खिडकीवरून गेला तेव्हा नर्सबाईंनी ते वाचलं: 'गोदी शाळा. मुले उतरल्यानंतर.'

दवाखान्यात अशा बाटल्यांवर त्यांनी स्वतः हजारदा लिहिलं होतं. रोग्याचं नाव, खाट, काय झाल्याचा संशय. कशाचा संशय आहे हे लिहिल्याशिवाय लॅब बाटली घेतच नाही.

त्यांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मग वाटलं, नको, जमिनीलाही घाण लागेल.

सून बसची पाळी संपवून गणवेशातच आली होती. तिनं ओळीतून भिंगरीला ओढून घेतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि ताडताड चालत फाटकाकडे आली. तिथं तिला सासूबाई दिसल्या.

"आई! तुम्ही होतात? बघितलंत ना?"

"आत्ताच आले," नर्सबाई म्हणाल्या. पहिलं खोटं इतकं सहज निघालं, की त्यांनाच नवल वाटलं.

"पोरांना भिंतीशी उभं केलं, आई. गुरं तपासतात तसं. ही मला विचारते, 'आई, माझ्या अंगातलं काय निघणार आहे त्या बाटलीत?' काय सांगू मी हिला?" सुनेचा आवाज फुटत होता, पण ती रडणाऱ्यातली नव्हती. "ते मंडळवाले तर कुत्रेच आहेत, त्यांचं मला काही नाही. भुंकणार, चावणार, आपण सावध राहायचं. पण हे मंडळानं नाही केलं. हे महापालिकेनं केलं. मी जिची बस चालवते तिनं केलं. कुणाच्या डोक्यातून आलं हे? तुम्ही तिथं बसता ना, आई? शोधून काढा. मला एकदा त्या माणसाचं तोंड बघायचंय."

"बघते," नर्सबाई म्हणाल्या.

"पाणी गार होतं का गं?" त्यांनी मग भिंगरीला विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. भिंगरीनं नुसती मान हलवली. एरवी तिच्या तोंडाला खीळ नसायची.

त्यानंतर नर्सबाईंना जेवण गोड लागेना. सुनेचा फोन आला की छातीत धस्स व्हायचं. 'काही कळलं का हो, आई?' 'नाही गं, चौकशी चाललीय.' स्वतःच स्वतःची चौकशी! आरशासमोर उभ्या राहिल्या, की त्यांना सुनेचं वाक्य आठवायचं आणि त्या केस न विंचरताच बाजूला व्हायच्या. सांगून टाकावं, असं शंभरदा मनात आलं. पण ही मुलगी एकदा दुखावली गेली, की दार लावून घेणारी होती. तिचा सख्खा मामा लग्नात एक शब्द वावगा बोलला तर आजतागायत तिनं त्याच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. तसं दार आपल्या तोंडावर लागलं, तर भिंगरीही त्या दाराच्या पलीकडे राहणार. मुलगा मध्ये पडणार नाही, तो बायकोच्याच बाजूनं उभा राहील, आणि राहायलाच हवा. नर्सबाई गप्प राहिल्या. आपल्याला आपली इतकी किळस येऊ शकते हे त्यांना या वयात कळलं.

दाखला आला. पाणी उत्तम. महापौर तो कागद लग्नपत्रिकेसारखा सगळ्यांना वाटत सुटले.

सभा दुपारची होती. प्रेक्षकांची गॅलरी गच्च भरलेली: एका बाजूला गोदीकडची माणसं, दुसऱ्या बाजूला मंडळाची. मध्ये दोन पोलीस, कंटाळलेले. पहिल्या रांगेत सून बसली होती, मांडीवर भिंगरी. ठराव होणार आहे, आपली आजी तिथं खुर्चीत बसणार आहे, ते बघायचंय म्हणून भिंगरीनं हट्ट धरला होता. नर्सबाई दिसताच तिनं हात हलवला. नर्सबाईंनीही हलवला आणि पटकन समोरचे कागद चाळायला घेतले.

महापौरांनी ठराव वाचला. "ज्या अर्थी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या दाखल्यावरून तलावाचे पाणी शुद्ध असल्याचे सिद्ध झाले आहे, त्या अर्थी ही सभा निर्मळ मंडळाची मागणी फेटाळत आहे…" पुढे मग मंडळाला सभागृह नाही, मैदान नाही, भिंतींवर त्यांचं एक अक्षर दिसलं तर खटला, तलावावर कुणी कुणाला अडवलं तर त्याला कायमची बंदी. चांगला ठराव होता. दात असलेला ठराव होता. आणि तो मंजूर होणार होता, कारण नेहमी काठावर बसणारे एक सभासद, बेकरीवाले, आणि त्यांचे साथीदार आधीच सांगून मोकळे झाले होते, की दाखला आहे ना, मग आमची हरकत नाही.

नियमाप्रमाणे मंडळाला बोलायला वेळ दिला. डॉक्टर उठले. आता ते चिडतील, आकांडतांडव करतील, असं सगळ्यांना वाटलं. डॉक्टर हसले.

"दाखला आम्हाला मान्य आहे," ते म्हणाले. "आनंदानं मान्य. मी महापालिकेचे मनापासून आभार मानतो. आमची शंका निराधार असती, तर तुम्ही तपासणी केलीच नसती. तुम्ही केली. म्हणजे शंका घेण्यासारखं काही होतं, हे तुम्हालाही वाटलं. आता माझी नम्र विनंती एवढीच, की हे एकदाच करून थांबू नये. दर आठवड्याला करावं. आणि फक्त तलावाचं नको. बसच्या सीटा आहेत, शाळेतले पाण्याचे पेले आहेत, दवाखान्यातल्या खाटा आहेत. त्यांनी वापरल्या, की तपासाव्यात. दाखला चांगला आला तर उत्तमच! खर्चाची काळजी नको, मंडळ देईल."

आणि माना डोलायला लागल्या. मंडळवाल्यांच्याच नव्हे, खाली, सभासदांच्या खुर्च्यांवर. बेकरीवाले शेजाऱ्याला म्हणाले, "बघा, माणूस समंजस आहे." महापौर म्हणाले, "सूचना स्वागतार्ह आहे, प्रशासन विचार करेल." एका सभासदानं तर टाळी वाजवायला हात उचललाही, मग इकडेतिकडे बघून खाली घेतला.

डॉक्टरांबद्दल नर्सबाईंना आता काही नवीन वाटत नव्हतं. तो माणूस गटार होता आणि गटार वाहणारच. पण ही चांगली माणसं! ही ठराव करायला जमलेली, मंडळाविरुद्ध हात वर करणार असलेली, बायकापोरं असलेली माणसं, पेले तपासायच्या गोष्टीला माना डोलवतायत. आणि त्या मानांना पहिला हिसका कुणी दिला होता? त्या उठल्या.

"माझी उपसूचना आहे."

महापौरांनी डोळ्यांनी खुणावलं: आत्ता नको, सगळं जुळून आलंय. नर्सबाईंनी तिकडे बघितलं नाही.

"ठरावातून तो दाखला काढून टाका. 'ज्या अर्थी'पासून 'त्या अर्थी'पर्यंत सगळं काढा. ही सभा मंडळाची मागणी फेटाळत आहे, इथूनच ठराव सुरू करा. कारण द्यायचं नाही."

"अहो, पण नर्सबाई," महापौर रडवेले झाले, "दाखला तर आपल्याच बाजूचा आहे! पाणी स्वच्छ निघालंय!"

"आणि उद्या नाही निघालं तर? मी दवाखान्यात राबलेली बाई आहे, महापौरसाहेब. पाण्यात कधी ना कधी काहीतरी सापडणारच. कुणीही उतरलं तरी सापडणार. त्या दिवशी काय कराल? त्या दिवशी हे डॉक्टर बरोबर ठरणार का? त्या पोरांना मग भिंतीशीच उभं करून ठेवणार?"

बेकरीवाले उभे राहिले. "दाखला काढणार असाल तर आमचं आधीचं ठरलेलं धरू नका. आम्हाला लोकांना तोंड दाखवायचंय. काहीतरी पुरावा नको?"

"कशाचा पुरावा? त्या मुलांना माणसाचं अंग आहे याचा?" नर्सबाईंचा आवाज चढला. मग त्यांना जाणवलं, की आता थांबता येणार नाही. एवढं बोलून खाली बसलं, तर आपण या सगळ्यांच्या वर उभ्या असल्यासारखं होईल, आणि ते सगळ्यांत घाणेरडं खोटं होईल. त्यांनी गॅलरीकडे बघितलं. सून पुढे झुकून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर सासूबद्दलचा अभिमान होता. तो शेवटचा बघून घ्यावा तसा नर्सबाईंनी बघून घेतला.

"ही तपासणी मी सुचवली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणी नाही. महापौरांच्या दालनात, मी, माझ्या तोंडानं. यांना गप्प करायचं म्हणून. मला वाटलं, मी त्यांच्याविरुद्ध उभी आहे. आणि मी त्यांचंच काम करून दिलं. त्या बाटलीवर काय लिहिलं होतं ते मी वाचलंय. त्या बाटलीत माझी नात होती. तेव्हाही मी गप्प बसले. विचारलं तेव्हा खोटं बोलले. घाण त्या तलावात नव्हतीच. ती त्या दिवशी दालनात बसून चहा पीत होती, आणि आम्ही तिच्यापुढं बिस्किटं सरकवत होतो. मंजूर करायचा असेल ठराव, तर करा, पण त्या पाण्याचं नाव काढू नका. नाही झाला मंजूर तर नाही झाला. मग निदान या शहरात कोण काय आहे ते तरी उघड्यावर येऊ दे."

गॅलरीकडे परत बघायचं धाडस त्यांना झालं नाही. त्या बसल्या.

उपसूचनेप्रमाणे दाखला वगळलेल्या ठरावावर मतदान झालं. हात वर करायची पद्धत होती, त्यामुळे लपायला जागा नव्हती. बेकरीवाल्यांनी हात मांडीखाली घालून ठेवला, जणू तो स्वतःहून वर जाईल. त्यांच्या साथीदारांपैकी एकानं मात्र, सगळ्यांत पोरसवद्या सभासदानं, कुणाकडेही न बघता हात वर केला. त्याचं बघून आणखी एकानं. लोकांनी माना वळवल्या, मोजदाद सुरू झाली, आणि ठराव निसटता मंजूर होतोय हे दिसल्यावर महापौरांनीही आपला हात वर केला, चांगला उंच, फोटोवाल्याला दिसेल असा.

गोदीकडच्या बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरांनी रुमालाची घडी घातली, 'लोकशाही आहे' असं काहीसं म्हणाले आणि निघाले. जाताजाता नर्सबाईंच्या खुर्चीपाशी वाकले. "त्या दाढेकडे लक्ष द्या हं. दुर्लक्ष केलं, की दुखणं वाढतं."

"काढून टाकणार आहे," नर्सबाई म्हणाल्या. "दुसऱ्याकडून."

त्या सभागृहाबाहेर आल्या तर लोकांनी त्यांना घेरलं. कुणी हात हातात घेत होतं, कुणी पाया पडायला वाकत होतं. गोदीकडची एक म्हातारी काहीच न बोलता त्यांच्याकडे बघत उभी राहिली आणि तशीच निघून गेली. नर्सबाईंना त्या पाया पडणाऱ्यांपेक्षा तीच बरी वाटली. गर्दीतून वाट काढत त्या जिन्याशी आल्या.

सून जिन्याच्या खालच्या पायऱ्यांशी उभी होती. निघून गेली नव्हती. चेहरा मात्र बंद दारासारखा. "तुम्ही होतात ते," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो.

"हो."

"मी रोज फोन करत होते तुम्हाला."

"हो."

तेवढ्यात महापौर आले. विजयी, घामाघूम, पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरेल एवढा आनंद चेहऱ्यावर. त्यांना भिंगरी दिसली. आता महापौर म्हटला की लहान मुलाच्या गालाला हात लावल्याशिवाय पुढे जाईल कसा? "ही आपल्या नर्सबाईंची नात का? अरे वा! तुला माहितेय का, बाळ? तुमच्या शाळेचं पाणी एकदम स्वच्छ निघालं! एकदम पहिल्या नंबरात!" तिचा गालगुच्चा घेऊन ते फोटोवाल्यांकडे धावले.

भिंगरीचे डोळे लकाकले. बाटली भरली त्या दिवसापासून ती अशी दिसली नव्हती. तिनं जिन्यावरच एक गिरकी घेतली.

"आई! ऐकलंस? आपण पास झालो!" मग आजीचा हात धरून ओढत, "आजी, आपण पास झालो! मला वाटलेलं, माझ्यामुळे सगळे नापास होणार. मी त्या दिवशी आंघोळ नीट केली नव्हती ना. म्हणून मी कुणाला सांगितलंच नाही."

नर्सबाईंनी तिच्या कपाळावर आलेले केस मागे सारले.

"आजी, आणि बाकीच्या शाळांचा रिझल्ट कधी?"

"त्यांची…" नर्सबाईंनी हात मागे घेतला. "त्यांची परीक्षा घेतली नाही, बाळ."

"का?"

त्यांनी सुनेकडे बघितलं, कुणीतरी सोडवावं म्हणून. सुनेनं भिंगरीच्या खांद्यावरचा हात काढून घेतला आणि एक पायरी मागे सरली.

"सांगा ना, आई," ती म्हणाली. "ती विचारतेय."

नर्सबाई पायरीवर खाली बसल्या. भिंगरी समोर उभी, उत्तराची वाट बघत, अजून हसरी.